घरांतील तिसरा हात : लहान व्हाइसची निवड

सुशिक्षित कुटुंबाच्या घरांत पुस्तकांचें कपाट असतें, औषधांचा डबा असतो, देवघर तर असतेंच. परंतु हत्यारांची पेटी उघडून पाहिली, तर तींत बहुधा दांडा सैल झालेली एक हातोडी, एक पक्कड, दोन पेचकस आणि मूठभर गंजके खिळे एवढाच ऐवज सांपडतो. जेथें ही उणीव भरून काढण्याचा उत्साह आहे, तेथेंहि एक गोष्ट वारंवार विसरली जाते. कापण्यासाठीं करवत घेतली जाते, घासण्यासाठीं कानस घेतली जाते, भोंक पाडण्यासाठीं विजेचें ड्रिलयंत्रहि येतें. पण ज्या वस्तूवर हीं हत्यारें चालवावयाचीं, तिला धरणार कोण, हा विचार मागें राहतो.

पुष्कळ घरांत याचें उत्तर ‘डावा हात’ असें आहे. हातांत वस्तु धरून पेंच आवळतांना पेचकस निसटला, तर तो थेट तळहातांत शिरतो. ड्रिलखालीं हातानें धरलेली पत्र्याची पट्टी टोंक आरपार जातांच अडकते, गरकन् फिरते आणि बोटें चिरते. यंत्र जितकें जोरकस, तितकी ही जखम खोल. म्हणून घरीं हत्यारें वापरावयाचीं असतील, तर पहिला मान धरणार्‍या साधनाला दिला पाहिजे. तें साधन म्हणजे टेबलावर बसविण्याचा लहान व्हाइस. कित्येक कारागीर त्याला शिकंजा म्हणतात. तो कसा निवडावा, याविषयीं येथें चार शब्द सांगावयाचे आहेत.

दाब येतो कोठून?

व्हाइसला दोन जबडे असतात. एक स्थिर असतो. दुसरा स्क्रूच्या योगानें पुढेंमागें सरकतो. समजा, दांड्याचें टोंक स्क्रूच्या मध्यापासून १५ सेंटिमीटर अंतरावर आहे आणि एका फेर्‍यांत जबडा ५ मिलिमीटर सरकतो. आपला हात एका फेर्‍यांत सुमारें ९४ सेंटिमीटर वाट चालतो, म्हणजे जबड्याच्या १८८ पट. हातानें १० किलोचा जोर लावला, तर केवळ हिशेबानें १,८८० किलोंचा दाब यावयास हवा. प्रत्यक्षांत अर्ध्याहून अधिक शक्ति आट्यांच्या घर्षणांत जाते. तरीहि उरणारा दाब कित्येक शें किलोंचा असतो. हें घर्षणहि वायां जात नाहीं. त्याच्यामुळेंच दांडा सोडला तरी स्क्रू आपोआप उलगडत नाहीं व वस्तु जागची हलत नाहीं.

यावरून दोन गोष्टी ध्यानांत येतील. एक, घरगुती कामाला लहान व्हाइसहि पुरेसा बळकट असतो. दुसरी, दांड्यांत नळी घालून त्याची लांबी वाढविणें किंवा त्यावर हातोडी मारणें हा निव्वळ अविचार होय. सामान्य व्हाइसचें अंग बिडाचें असतें. बीड दाब उत्तम सोसतें, पण ताण सोसत नाहीं. आणि वस्तु आवळतांना जबडे बाहेर लवूं पाहतात, तेव्हां त्यांच्या बुडाशीं ताणच पडत असतो. बीड वांकून सूचना देत नाहीं. तें एकाएकीं तुटतें.

कोणती जात, कोणतें माप?

व्हाइसचें माप जबड्याच्या रुंदीवरून सांगतात. घरीं ७५ किंवा १०० मिलिमीटरचा, म्हणजे जुन्या भाषेंत तीन वा चार इंची, व्हाइस पुरतो. विळीचें सुटें पातें घासणें, पडद्याची नळी कापणें, पितळी डब्याच्या झांकणाला मूठ बसविणें, किल्लीचे दांते साफ करणें, सायकलचा एखादा भाग सोडविणें, हीं सर्व कामें त्यावर होतात. यापेक्षां मोठा व्हाइस घेतल्यास त्याला साजेसें जड टेबल लागतें. आणि हलक्या टेबलावरचा मोठा व्हाइस टेबलासकट डुलतो.

सुताराचा व्हाइस रुंद व सपाट जबड्यांचा असून तो टेबलाच्या कडेला खालून बसवितात. ज्यांचें सारें काम लाकडाचें आहे, त्यांनीं तोच घ्यावा. धातु व लाकूड दोन्ही हाताळणार्‍या कुटुंबानें फिटरकामाचा व्हाइस घेऊन लाकडासाठीं जबड्यांत दोन फळ्यांचे तुकडे ठेवावे. भाड्याच्या घरांत टेबलाला भोंकें पाडतां येत नसतील, तर कडेला चिमट्यासारखा आवळून बसणारा लहान व्हाइस मिळतो. तो बारीक कामाला चांगला, मात्र ठोकाठोकीला निरुपयोगी. बुडाशीं गोल फिरणारा व्हाइस पाहणार्‍यास मोहक वाटतो व कांहीं कामांत सोयीचाहि असतो; परंतु फिरण्याची प्रत्येक सोय म्हणजे सैल होण्याची एक अधिक जागा. गरज नसेल, तर स्थिर बुडाचाच बरा.

दुकानांतील परीक्षा

पुण्याच्या बोहरी आळींत किंवा मुंबईच्या नागदेवी रस्त्यावर हत्यारांच्या दुकानांची रांगच लागलेली आहे. तेथें एकाच मापाचे अनेक नमुने पुढें येतात आणि रंग सर्वांचाच चकचकीत असतो. अशा वेळीं रंगाकडे न पाहतां पुढील परीक्षा करावी.

कागदाच्या बारीक पट्ट्या जबड्यांच्या डाव्या व उजव्या टोंकांस ठेवून व्हाइस हलकेंच मिटावा. दोन्ही पट्ट्या सारख्याच धरल्या गेल्या पाहिजेत. जबडे माथ्याशीं किंचित् आधीं भिडले तर तो दोष नव्हे. पण बुडाशीं भिडून माथ्याशीं फट राहत असेल, तर तो व्हाइस परत ठेवावा.

मग जबडा अर्धा उघडून सरकता भाग हातानें वर उचलून व आडवा हलवून पाहावा. अल्पशी हालचाल असतेच, खडखड नसावी. स्क्रू या टोंकापासून त्या टोंकापर्यंत फिरवावा. तो मध्येंच कोठें अडत असेल, किंवा दांडा उलट फिरविल्यावर पाव फेर्‍याहून अधिक रिकामा फिरून मग जबडा हलत असेल, तर आटे नीट कापलेले नाहींत.

जबड्यांच्या तोंडावर पोलादी पट्ट्या निराळ्या बसविलेल्या असाव्यात व त्या पेंचांनीं काढतां येण्याजोग्या असाव्यात. शेवटीं स्थिर जबड्याच्या बुडाशीं व स्क्रूच्या घराभोंवतीं बोट फिरवावें. बिडांतील छिद्रें लांबी भरून व वर जाड रंग देऊन झांकण्याची युक्ति जुनी आहे.

जुना व्हाइस घेण्यास हरकत नाहीं, मात्र अंगाला चीर नसावी. झिजलेले जबडे हा मात्र असाध्य रोग नव्हे. सॅम्युएल स्माइल्स याच्या १८६३ सालच्या चरित्रग्रंथांत याविषयीं एक सुंदर हकीकत आहे. हेन्री मॉड्स्ले हा अठरा वर्षांचा तरुण लंडनमध्यें जोसेफ ब्रामा याच्या कारखान्यांत आला, तेव्हां त्यानें सात वर्षांची उमेदवारी केली नसल्यामुळें त्याला कामावर घ्यावें कीं नाहीं, असा प्रश्न पडला. बाजूला एक झिजलेला व्हाइस होता. हा संध्याकाळीं सहापर्यंत नव्यासारखा करून दिला तर चालेल काय, असें त्यानें विचारलें. आणि जबड्यांना नवें पोलाद चढवून, दांते कापून व पाणी देऊन त्यानें तो वेळेच्या आधींच तयार केला. पुढें आटे कापण्याच्या लेथमुळें जगप्रसिद्ध झालेल्या या कारागिराचा प्रवेश असा व्हाइसच्या द्वारें झाला. आज तर पट्ट्याच बदलावयाच्या असल्यानें हें काम त्याहूनहि सोपें आहे.

बसविणें व वापरणें

उत्तम व्हाइस चुकीच्या जागीं बसविला तर अर्धा वायां जातो. तो टेबलाच्या पायाजवळ, आरपार जाणारे बोल्ट व खालीं रुंद वॉशर घालून बसवावा. स्थिर जबड्याचें तोंड टेबलाच्या कडेच्या किंचित् पुढें असावें, म्हणजे लांब नळी उभी धरतां येते. उंचीची जुनी खूण अशी कीं, व्हाइसजवळ ताठ उभें राहून मूठ हनुवटीखालीं धरली असतां कोंपर जबड्याच्या माथ्याला टेकावें. एकत्र कुटुंबांत सर्वांची उंची एक नसते; म्हणून व्हाइस थोर माणसाच्या मापानें बसवावा व मुलांना उभें राहण्यास फळ्यांचा बुटका व भक्कम चौथरा करून द्यावा.

पितळ, तांबें किंवा आटे पाडलेली वस्तु धरतांना जबड्यांवर अॅल्युमिनियमच्या अथवा तांब्याच्या पत्र्याचीं काटकोनी टोपणें घालावीं, म्हणजे दांत्यांचे व्रण उठत नाहींत. ठोकावयाचें झाल्यास घाव स्थिर जबड्याकडे जाईल असा मारावा. सरकत्या दांडीवर ऐरणीसारखें कधींहि ठोकूं नये. काम संपल्यावर कीस ब्रशानें झाडून स्क्रूला तेलाचा थेंब द्यावा, जबडे किंचित् उघडे ठेवावे आणि दांडा उभा करावा; आडवा राहिलेला दांडा धांवत्या मुलाच्या कपाळाला लागतो.

असा व्हाइस पुष्कळ वर्षें टिकतो आणि कोणा एकाचा राहत नाहीं. नारळाच्या खवणीचें पातें घासावयाचें असेल, तर घरांतील सुनेनें दिराची वाट पाहण्याचें कारण उरत नाहीं. नातवाला कानस धरावयास शिकवितांना आजोबांचे दोन्ही हात मोकळे राहतात. कुटुंबानें नियम मात्र एकच करावा आणि तो थोरामोठ्यांनींहि पाळावा: करवत किंवा ड्रिल हातीं घेण्यापूर्वीं वस्तु व्हाइसमध्यें धरलेली असलीच पाहिजे.