गाळ नक्की बसतो कुठे?

धरणातला गाळ भिंतीपाशी, तळाच्या मृतसाठ्यात जाऊन बसतो, असा आपल्याकडे सर्रास समज आहे. तो अर्धाच खरा. पैठणच्या जायकवाडीचं उदाहरण घ्या. 1976 साली उद्घाटन झालेल्या या धरणाची मूळ क्षमता 2909 दशलक्ष घनमीटर, त्यातला मृतसाठा 738. पण पुराचं पाणी प्रवरासंगमाच्या बाजूने फुगवट्यात शिरलं की त्याचा वेग मोडतो आणि वाळू, जाड पोयटा तिथेच खाली बसतो. त्या उथळ भागात साठणारं पाणी मृतसाठ्याचं नसतं, उपयुक्त साठ्याचं असतं.

कण किती वेगाने बुडतो, याचं गणित जॉर्ज स्टोक्स यांनी 1851 मध्ये मांडलं. कणाचा व्यास दहापट कमी झाला की बुडण्याचा वेग शंभरपट घटतो. 30 अंश तापमानाच्या संथ पाण्यात 0.1 मिलिमीटरचा वाळूकण दहा मीटर खाली जायला साधारण वीस मिनिटं घेतो, 0.01 मिलिमीटरचा पोयट्याचा कण एक दिवस, आणि 0.001 मिलिमीटरचा चिकणमातीचा कण तीन महिन्यांहून जास्त. आपलं पाणी कोमट, म्हणून पातळ. दहा अंशांच्या पाण्यात हाच प्रवास दीडपटीहून लांबतो.

मग काळ्या मातीचं गढूळ पाणी त्याआधीच कसं निवळतं? या मातीतल्या मॉन्टमोरिलोनाइटच्या पापुद्र्यांवर ऋण विद्युतभार असतो, त्यामुळे ते एकमेकांना दूर ढकलतात. पाण्यात विरघळलेलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम हा दुरावा कमी करतं. कण चिकटतात, पुंजके होतात आणि भराभर खाली येतात. माठात तुरटी फिरवल्यावर घडतं ते याच जातीचं. कधी गढूळ, जड पाणी स्वच्छ पाण्याखाली बुडी मारून तळातून सरकत जातं. ते बुडतं तिथे काटक्या आणि फेसाची रेघ तरंगते. बारीक माती भिंतीपर्यंत पोचते ती बरीचशी या वाटेने.

उन्हाळ्यात पाणी मागे हटलं की उघड्या पडलेल्या जमिनीवर गाळपेर होते. तिथल्या भेगाळलेल्या गाळाची एखादी ढेप उचलून तिची कड पाहावी. खालचा थर बोटाला खरखरीत लागतो, वरचा लोण्यासारखा. जड कण आधी बसले, हलके मागाहून. वाळून घट्ट झालेला हा गाळ पुढच्या पुरात सहजासहजी वाहूनही जात नाही.

नाशिकची महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था उपग्रहाच्या चित्रांवरून जलाशयांतला गाळ मोजते. वेगवेगळ्या पातळ्यांना पाणी किती पसरलं, ते जुन्या क्षेत्रफळाशी ताडून पाहायचं. सतत पाण्याखाली राहणाऱ्या तळासाठी मात्र बोटीतून खोली मोजावी लागते. ही मोजणी वेळच्या वेळी व्हायलाच हवी, कारण ‘धरण 90 टक्के भरलं’ हा आकडा पातळीवरून, क्षमतेच्या तक्त्यात पाहून काढतात. तक्ता जुना असेल, तर त्या टक्क्यांत गाळही पाणी म्हणून मोजला जातो. आवर्तनं ठरतात ती त्याच आकड्यावर. म्हणून रोजच्या पाणीसाठ्याच्या आकड्यांशेजारी तो तक्ता कोणत्या वर्षीच्या मोजणीचा आहे, हेही छापलं जावं.