मिरचीचं माहेर

वाघोलीत बाग म्हणायचं आणि गॅलरीत जायचं. नगर रस्त्याकडेला इमारतींची रांग उठली, केसनंद-बकोरीकडची शेतं आक्रसली, २०२१ च्या जूनअखेरीस गाव पुणे महापालिकेत गेलं. ज्या शिवारात पिकं उभी राहायची, तिथेच चौथ्या मजल्यावर राहून आम्ही माती पोत्यानं विकत आणतो. पोतं फोडलं की निम्मा मुरूम.

पहिली दोन वर्षं मी छापील तक्त्याबरहुकूम चाललो. जूनमध्ये भेंडी, गवार. ऑक्टोबरात मेथी, कोथिंबीर, टोमॅटो. मेथी साधली, पण भेंडी काडीसारखी नुसती उंच गेली. खत वाढवलं, तर मावा पडला. गंमत अशी, की समोरच्या काकूंकडे जूनची भेंडी लगडलेली आणि डिसेंबरची मेथी पिवळी. त्यांची गॅलरी उत्तरेला, आमची दक्षिणेला.

पुण्याचा अक्षांश साधारण साडेअठरा. मेच्या मध्याला इथे शून्य सावलीचा दिवस येतो. तिथून जुलैअखेरपर्यंत भरदुपारचा सूर्य आपल्या उत्तरेला असतो. तेव्हा दक्षिणेच्या गॅलरीत वरच्या स्लॅबची सावली. दिवाळीनंतर सूर्य पुरता दक्षिणेला कलतो, ऊन हॉलच्या फरशीपर्यंत येतं. प्रयोग परिवाराचे श्री. अ. दाभोळकर पानावर पडणाऱ्या उन्हाचा हिशेब मांडायला सांगत. मी मात्र खताचाच मांडत बसलो होतो. मृग, आर्द्रा, हस्त ही नक्षत्रं उघड्या रानाची. गॅलरीला आधी दिशा, मग महिना.

म्हणून दक्षिणेकडच्यांनी आत्ता, फराळाचे डबे आवरता आवरता कामाला लागावं. धणे रगडून दोन फाकी करायचे, रात्रभर भिजवून पेरायचे. उगवायला आठ-दहा दिवस लागतात. चौथ्या दिवशी माती उकरून बघू नये (मी बघतो). मेथी तीन-चार दिवसांत वर येते, महिनाभरात जुडी निघते. पालक मुळापासून उपटू नये, कापत राहावा. गुलाबाची छाटणी परतीचा पाऊस सरला की करायची. राहिली असेल तर या सुट्टीत उरकावी, दीड-एक महिन्यात फुलं दिसतात. जानेवारीअखेरीस एम्प्रेस गार्डनला पुष्पप्रदर्शन भरतं, तिथले गुलाब पाहून खट्टू होऊ नये. त्या बागेची संस्था १८३० सालची आहे, आपली कुंडी परवाची. मोगऱ्याला जानेवारीत छाटून थोडा पाण्याचा ताण दिला, की उन्हाळ्यात तो घर भरून टाकतो.

उन्हाळा मात्र इथे पाण्यावरून ओळखायचा. टँकरच्या फेऱ्या वाढल्या, सोसायटीच्या ग्रुपवर भांडणं सुरू झाली, की समजावं. बोअरचं पाणी जड. कुंडीच्या काठावर पांढरा थर धरतो आणि पानांच्या कडा करपतात. आरओचं टाकाऊ पाणी त्याहून खारट, ते फरशीला ठीक, कुंडीला नको. तांदळाचं आणि भाज्यांचं धुवण आम्ही बादलीत साठवतो. आणखी एक उपाय, फुकटचा: नारळाच्या शेंड्या आणि वाळका पाला मातीवर दोन बोटं पसरायचा. ओल टिकते, एप्रिलमध्येही संध्याकाळचं एकच पाणी बहुधा पुरतं. पाऊस आला की कुंड्या दोन दिवस कठड्याशी सरकवून भिजू द्यायच्या. साचलेले क्षार धुऊन निघतात.

धूळ हा वाघोलीचा चौथा ऋतू. दगडखाणी आणि बांधकामं यांच्यामधल्या या गावात पानावर बोटानं नाव लिहिता येतं. धूळ बसली की लाल कोळी या किडीचं फावतं. आठवड्यातून एकदा पानांच्या खालच्या बाजूनं पाण्याचा फवारा मारला तरी बराच फरक पडतो.

पावसाळ्याबद्दल आमच्या गॅलरीला फार बोलता येत नाही. अळू, पुदिना, पानओवा एवढंच. श्रावणातल्या अळूवड्या तेवढ्या घरच्या.

बाकी कुंड्यांची आता सोय झाली आहे. मेअखेर आमची मिरची समोर काकूंकडे माहेरी जाते, दिवाळीला त्यांची शेवंती आमच्याकडे येते. दारांमधलं अंतर आठ पावलांचं. यंदा मिरची परत आली ती अकरा मिरच्या आणि पिठ्या ढेकूण घेऊन. काकू म्हणतात, आमच्याकडे होती तेव्हा नव्हता. निमतेलाची फवारणी चालू आहे.