दोन कोनांच्या मधला प्रवास : घरची यंत्रभुजा हिसके का देते?

हौसेने घरी जोडलेली यंत्रभुजा, अर्थात रोबोटिक आर्म, पहिल्यांदा चालू केली की बहुधा एकच दृश्य दिसते. भुजा खाडकन उसळते, समोरची वस्तू उचलण्याऐवजी उडवून लावते आणि थांबल्यावरही क्षणभर थरथरत राहते. मोटर हलक्या प्रतीची असावी असा निष्कर्ष काढून अनेक जण अधिक ताकदीची मोटर मागवतात. ती बसवल्यावर भुजा त्याच चुका अधिक जोराने करू लागते. दोष बहुतेक वेळा प्रोग्रॅममध्ये असतो. कुठे जायचे एवढेच त्यात लिहिलेले असते; किती वेळात आणि कोणत्या चालीने जायचे, याचा उल्लेखच नसतो.

याचे कारण सर्व्हो मोटरच्या स्वभावात आहे. दर २० मिलिसेकंदांनी तिला विजेचा एक स्पंद मिळतो. ढोबळमानाने तो १ मिलिसेकंदाचा असेल तर एक टोक, २ मिलिसेकंदांचा असेल तर दुसरे टोक आणि दीडचा असेल तर मध्य, अशी ही भाषा आहे. आतला पोटेन्शिओमीटर सध्याचा कोन मोजतो आणि मोटर सांगितलेल्या कोनाकडे शक्य तितक्या वेगाने धाव घेते. हौशी मंडळींच्या परिचयाची एसजी-९० ही अवघ्या ९ ग्रॅमची मोटर ६० अंशांचे अंतर सुमारे ०.१ सेकंदात कापते. तिला थेट ९० अंशांची आज्ञा देणे म्हणजे ०.१५ सेकंदात पोहोच, असे फर्मावणे होय. शिवाय हा संवाद एकतर्फी असतो. मोजलेला कोन मोटर स्वतःपाशीच ठेवते. आर्डुइनोला तो कळवण्याची सोयच नसते.

तेव्हा वेग आवरण्याचे काम प्रोग्रॅमकडे येते. दोन सेकंदांच्या हालचालीचे २० मिलिसेकंदांचे १०० तुकडे करावेत आणि प्रत्येक तुकड्यासाठी नवा कोन पाठवावा. सर्व तुकडे समान ठेवले तर मधला प्रवास सुधारतो, पण दोन्ही टोकांचे हिसके कायम राहतात, कारण स्थिर भुजेकडून पहिल्याच क्षणी पूर्ण वेगाची अपेक्षा केलेली असते. काठोकाठ भरलेला तांब्या कुणी असा उचलत नाही. तमार फ्लॅश आणि नेव्हिल होगन यांनी १९८५ मध्ये मानवी हाताच्या हालचालींसाठी मांडलेले गणिती प्रारूप इथे अगदी चपखल बसते. आपला हात एका बिंदूकडून दुसऱ्याकडे जाताना त्वरणातील बदल शक्य तितका सौम्य ठेवतो, हे त्याचे सार. सरलेल्या वेळेचे एकूण वेळेशी असलेले गुणोत्तर घ्यावे. त्याच्या घनाची १० पट, वजा चौथ्या घाताची १५ पट, अधिक पाचव्या घाताची ६ पट, एवढे केले की त्या क्षणापर्यंत अंतराचा किती हिस्सा पार व्हायला हवा ते मिळते. पहिल्या पाव वेळात जेमतेम १० टक्के अंतर कापले जाते, निम्म्या वेळात निम्मे, आणि अखेरचा पाव वेळ पुन्हा उरलेल्या १० टक्क्यांसाठी.

या वक्रालाही मर्यादा आहे. मध्यभागी वेग सरासरीच्या १.८७५ पट होतो. ९० अंश ०.२ सेकंदात मागितले तर तिथे सेकंदाला सुमारे ८४४ अंश लागतील. वरच्या मोटरची धाव मात्र सेकंदाला ६०० अंशांची, तीही भार नसताना. अशा वेळी वक्र कागदावरच राहतो.

एका सांध्याचे हे गणित सर्व सांध्यांना एकत्र लावले की खरी गंमत सुरू होते. तळाचा सांधा ९० अंश आणि खांदा ३० अंश फिरणार असेल, तर दोघांना तेच गुणोत्तर द्यावे, म्हणजे दोघे एकदम निघतात आणि एकदम पोहोचतात. अन्यथा खांदा आधी खाली येतो आणि चिमटा टेबल खरवडत फिरतो. अर्थात, एकत्र निघाले म्हणून चिमट्याचा मार्ग सरळ होत नाही; तो कमानीसारखा वळतो. म्हणूनच वस्तूच्या थेट वर एक थांबा ठेवून शेवटचे दोन-तीन सेंटिमीटर सरळ उतरावे. या उताराचे मधले बिंदू ठरवून प्रत्येकासाठी कोन काढताना शाळेतला कोसाइनचा नियम पुरतो. एकाच बिंदूसाठी कोपर वर आणि कोपर खाली अशी दोन उत्तरे मात्र मिळतात. त्यांपैकी एक निवडून अखेरपर्यंत पाळावे. मध्येच बदलले तर भुजा कोलांटी मारते.

संपूर्ण क्रम मग एका तक्त्यात मावतो. प्रत्येक ओळीत सांध्यांचे कोन आणि वेळ. ही कल्पना जुनीच आहे. जॉर्ज डेव्हॉल यांनी १९५४ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला आणि १९६१ मध्ये ‘युनिमेट’ हा यंत्रमानव न्यू जर्सीतील ट्रेंटनजवळच्या जनरल मोटर्सच्या कारखान्यात साच्यातून निघालेले तप्त धातूचे भाग उचलू लागला. त्याच्या हालचालींचा क्रम चुंबकीय ड्रमवर नोंदलेला असे. प्रिन्स्टन परिसरातल्या आपल्या वाचकांसाठी हा इतिहास शेजारच्याच गावात घडला. घरच्या तक्त्यात चिमटा मिटल्यावर तीन-चार दशांश सेकंदांची विश्रांतीची ओळ विसरू नये. पकड बसली की नाही हे प्रोग्रॅमला कळत नसल्याने वाट पाहणे एवढेच त्याच्या हाती असते. शेवटची ओळ नेहमी ठरलेल्या विश्रामस्थितीची ठेवावी आणि पुढच्या वेळी मोटर जोडण्यापूर्वी तेच कोन नोंदवावेत. चालू करतानाचा पहिला, सर्वांत धोकादायक हिसका त्यानेच टळतो.

मग मोटर खरोखर केव्हा बदलावी? २० सेंटिमीटर लांब पसरलेल्या भुजेच्या टोकाशी १०० ग्रॅम वजन असेल, तर खांद्यावर २ किलोग्रॅम-सेंटिमीटरचा पीळ येतो. भुजेचे स्वतःचे वजन वेगळेच. एसजी-९०ची कमाल झेप सुमारे १.८ ची. इथे कोणताही वक्र कामी येणार नाही. धातूच्या दात्यांची एमजी-९९६आर किंवा तिच्या तोडीची मोटर घ्यावी लागेल. मात्र अडकल्यास अशी एक मोटर अडीच अँपिअरपर्यंत प्रवाह ओढते आणि संगणकाच्या साध्या यूएसबी जोडणीतून मिळतो जेमतेम अर्धा अँपिअर. व्होल्टेज कोसळून आर्डुइनो मध्येच नव्याने सुरू होतो आणि आपण रात्रभर प्रोग्रॅममधली चूक शोधत बसतो. मोटरींसाठी स्वतंत्र वीजपुरवठा ठेवावा. आर्डुइनो आणि मोटरी यांचे ग्राउंड मात्र एकमेकांना जोडलेले हवे.