आजी, अण्णा आणि विहीर

२२ फेब्रुवारी २०१६, सोमवार, रात्रीचे साडेदहा. मी तेव्हा सातवीत होते. दुसऱ्या दिवशी शाळा होती, म्हणजे खरं तर झोपायला हवं होतं. पण कुडाळहून आलेली आजी धनकवडीच्या आमच्या हॉलमध्ये टीव्हीसमोर मांडी ठोकून बसली होती. रोजच्या मालिकेत चक्क तिच्या भाषेत माणसं बोलत होती, हे तिला आधी खरंच वाटेना. 'झी मराठी'वर 'रात्रीस खेळ चाले' सुरू झालं होतं.

आकेरी गावातला नाईकांचा वाडा. अण्णा नाईक गेलेत. मुंबईहून मोठा मुलगा माधव बायको-मुलाला घेऊन येतो. घरात माई, दत्ता, सरिता, छाया, आणि सगळं "इसरलंय" म्हणणारा पांडू. मग एकेक सुरू होतं. अण्णा नक्की कसे गेले? नेने वकिलांकडे कुठले कागद आहेत? बाहेरची कोण बाई? 'गॉथिक' हा शब्द मला कॉलेजात कळला. जुनं घर, संशयास्पद मरण, दडवलेली नाती आणि रात्र. अमेरिकेत १९६६ ते १९७१ या काळात 'डार्क शॅडोज' नावाची अशीच रोजची मालिका चालली, त्यात तर पुढे व्हॅम्पायरही आला. आपल्याकडे व्हॅम्पायरची गरज पडली नाही, सातबारा पुरला.

गंमत नाही करत. मालिका पुन्हा बघताना (गेल्या महिन्यात, मोबाइलवर, पीएमपीच्या गर्दीत) लक्षात आलं की भुतं तशी फार काही करत नाहीत. भीती वाटते ती जेवणाच्या पंगतीची. प्रत्येकाला थोडं थोडं माहीत आहे आणि कुणीच बोलत नाही. माई गप्प राहतात तेव्हा मला जास्त घाबरायला होतं. २०१९ मध्ये दुसरं पर्व आलं, त्यात जिवंत अण्णा दिसले. माधव अभ्यंकरांचा तो दरारा, अपूर्वा नेमळेकरची शेवंता. मग कळलं, घर आधीपासूनच झपाटलेलं होतं. माणसानेच.

मालिका सुरू झाल्यावर सिंधुदुर्गात विरोधही झाला होता. कोकण म्हणजे भुताटकी, असं दाखवता म्हणून. मुद्दा चुकीचा नव्हता. नंतर त्याच आकेरीत लोक वाडा बघायला गाड्या करून जायला लागले, हेही खरं.

आणि पुणेकरांनी कोकणाला नावं ठेवू नयेत. आपला सगळ्यात मोठा वाडा याच गोष्टीवर उभा आहे. ३० ऑगस्ट १७७३ ला शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. वय अवघं अठरा. काका, काकू, गारदी, 'ध'चा 'मा'. दर अमावास्या-पौर्णिमेला हाक ऐकू येते, हे आम्हा सगळ्यांना शाळेच्या सहलीत कुणीतरी सांगितलेलं असतं. रामशास्त्री प्रभुण्यांनी चौकशी करून राघोबादादांना दोषी धरलं, हे मात्र त्या हाकेइतकं कुणी रंगवून सांगत नाही. भूत लक्षात राहतं, चौकशी विसरली जाते.

हे आत्ता सुचायचं कारण माझी इंटर्नशिप. दोन महिने मी पोलिसांच्या प्रेसनोट टाइप करतेय. त्यातलं एक वाक्य हाताला इतकं पाठ झालंय की न बघता टाइप होतं : 'अकस्मात मृत्यूची नोंद करण्यात आली आहे.' पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १७४, जुलै २०२४ पासून नव्या संहितेचं १९४. पोलीस येतात, पंचनामा करतात, संशय असेल तर शवविच्छेदन. पुढे काही निघालं नाही तर फाइल बंद. आमच्या पानावर दोन ओळी. त्या घरात पुढची किती वर्षं काय चालतं, ते त्या दोन ओळींत मावत नाही.

आमच्या घरात चाळीस वर्षं चाललंय. आजोबांचे थोरले भाऊ विहिरीत सापडले होते. 'पाय घसरला', एवढंच आम्हाला माहीत. त्यानंतर वर्षभरात आजोबांच्या बहिणीने हक्कसोडपत्रावर सही केली आणि ती परत कधी गावाला आली नाही. या दोन गोष्टी आमच्याकडे कधीच एका वाक्यात येत नाहीत. मालिका बघताना आजी विहिरीचा सीन आला की उठून पाणी प्यायला जायची. सातवीतल्या मला वाटायचं, म्हातारी घाबरली.

गेल्या रविवारी मी विचारलंच. फोनवर नाही, समोर बसून, ती तांदूळ निवडत असताना. पाच डब्ल्यू आणि एक एच शिकून आलेली मी, माझ्याकडे प्रश्न तयार होते. पण तोंडातून एवढंच आलं, "आजी, थोरल्या आजोबांचा पाय खरंच घसरला होता?"

ती बराच वेळ सुपात बघत राहिली. "पट्टीचो पोवणारो होतो तो," म्हणाली. मग, "माका कोणी इचारलाच नाय गो. पोलीस पण बापयांशीच बोलले."

बाबा आतल्या खोलीतून बाहेर आले आणि त्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला. आजीने सूप माझ्याकडे सरकवलं.

"आत्येचो नंबर आसा तुज्याकडे?"

नव्हता. काढतेय.