गाडीच्या पोटाखालची वीतभर जागा

राजर्षी शाहू महाराजांनी आपले जनक वडील, कागलचे जयसिंगराव घाटगे, यांच्या स्मरणार्थ वसविलेले आपले जयसिंगपूर सपाट भूमीवर उभे आहे. त्याचे रस्ते सरळ असून एकमेकांस काटकोनात छेदतात. अशा गावात मोटारीस फारशा उंचीची गरज नाही. परंतु वेस ओलांडली, की उसाच्या फडाकडे जाणाऱ्या पाणंदी लागतात, पावसाळ्यात काळ्या रानातला चिखल लागतो, आणि एखाद्या वर्षी कृष्णा व पंचगंगा यांचे पाणीच रस्त्यावर येते. म्हणूनच की काय, अलीकडे आपल्या शिरोळ तालुक्यात उंच बांध्याच्या मोटारी पुष्कळ दिसतात. साध्या मोटारीच्याच धर्तीवर, परंतु उंच बांधणी केलेल्या अशा गाडीस ‘क्रॉसओव्हर’ म्हणतात. जाहिरातींत मात्र ती सरसकट ‘एसयूव्ही’ या नावाने मिरविते. गाडी उंच आहे, तेव्हा ती चिखलातून, बर्फातून, किंबहुना पुराच्या पाण्यातूनही पार होईल, असा अनेकांचा समज असतो. हा समज कितपत खरा आहे, याचा विचार या लेखात करावयाचा आहे.

प्रथम ही उंची म्हणजे काय, ते पाहू. सपाट भूमीवर उभ्या असलेल्या गाडीच्या चाकांखेरीज जो भाग सर्वांत खाली असेल, तेथपासून भूमीपर्यंतचे अंतर म्हणजे ‘ग्राउंड क्लिअरन्स’. आपण त्यास भूमि-अंतर म्हणू. ते गाडीच्या टपावरून किंवा दारावरून मोजावयाचे नसते. दुसऱ्या महायुद्धात गाजलेल्या विलीज जीपचे भूमि-अंतर पावणेनऊ इंच, म्हणजे सुमारे २२२ मिलिमीटर, होते. २०२० साली निघालेल्या महिंद्र थार गाडीचे २२६ मिलिमीटर आहे. शहरातून सर्रास दिसणाऱ्या ह्युंदाई क्रेटाचे १९० मिलिमीटर आहे. आपल्या हाताची वीत साधारणतः नऊ इंचांची धरतात. म्हणजे उंच म्हणविणाऱ्या गाड्यांच्या पोटाखालीही वीतभर किंवा त्याहून थोडी कमी जागा असते. साध्या मोटारीशी तुलना केली, तर हा लाभ बहुधा इंच-दीड इंचाचा असतो.

आपल्या पूर्वजांच्या बैलगाडीस ही विद्या अवगत होती. गाडीचे चाक चार फूट व्यासाचे असेल, तर तिचा आस भूमीपासून दोन फूट वर राहतो. मग मोटारीही तितक्या उंच का करीत नाहीत? याचे कारण असे की, गाडी जसजशी उंच करावी, तसतसा तिचा गुरुत्वमध्य वर जातो, आणि वळणावर ती कलंडण्याचा संभव वाढतो. बैलगाडी ताशी तीन-चार मैल चालते; मोटारीस महामार्गावर त्याच्या पंधरा-वीस पट वेगाने धावावयाचे असते. तेव्हा उंची ही फुकट मिळणारी वस्तू नव्हे; तिची किंमत स्थैर्याच्या रूपाने द्यावी लागते.

शिवाय भूमि-अंतराचा एक आकडा सर्व काही सांगत नाही. चढ समोर आला असता गाडीचे नाक आपटू नये, उतारावरून खाली आल्यावर शेपूट घासू नये, आणि उंचवट्यावर असताना पोट टेकू नये, यासाठी तीन निरनिराळे कोन पाहावे लागतात. पहिल्यास अग्रकोन, दुसऱ्यास पृष्ठकोन व तिसऱ्यास मध्यकोन म्हणता येईल. वर सांगितलेल्या थार गाडीत हे कोन अनुक्रमे सुमारे ४२, ३७ व २७ अंश आहेत. दोन गाड्यांचे भूमि-अंतर सारखे असले, तरी जिच्या पुढच्या व मागच्या चाकांत अंतर अधिक, तिचे पोट उंचवट्यावर आधी टेकते. विलीज जीपच्या चाकांत हे अंतर ८० इंच, म्हणजे सुमारे २०३२ मिलिमीटर, होते. क्रेटात ते २६१० मिलिमीटर आहे. विद्यार्थिमित्रहो, भूमितीच्या वहीत दोन वर्तुळे काढून हे स्वतः पडताळून पाहा. तसेच, रिकामी गाडी व पाच माणसे आणि सामान भरलेली गाडी यांचे भूमि-अंतर एक नसते. ओझ्याने कमानी दबतात आणि पोट खाली येते. पालकांनी घरच्या गाडीखाली फूटपट्टी उभी धरून, आधी रिकामी व मग भरलेली, अशी दोन मापे घेतली, तर मुलांस एक चांगला प्रयोग होईल.

आता चिखलाकडे वळू. उसाच्या वाहतुकीने पाणंदीत खोल चाकोऱ्या पडतात व त्यांच्या मधोमध उंचवटा राहतो. तेथे भूमि-अंतराचा खरा उपयोग होतो. कमी उंचीची गाडी त्या उंचवट्यावर पोट टेकून बसते. परंतु गाडीचे पोट अडखळले नाही, एवढ्याने ती पुढे जात नाही. पुढे नेते ती चाकांची पकड. क्रॉसओव्हर गाड्यांपैकी बहुतेकांची केवळ पुढची दोन चाके इंजिनाने फिरतात. चढावर गाडीचा भार मागे सरकतो आणि नेमकी हीच चाके हलकी होतात. त्यात ‘डिफरन्शियल’ नावाचा एक भाग असतो. वळताना बाहेरच्या चाकास अधिक अंतर चालावे लागते, म्हणून दोन्ही चाकांस निरनिराळ्या वेगाने फिरू देणे हे त्याचे काम. सुक्या रस्त्यावर तो उपकारक खरा. पण एक चाक चिखलात सापडले, की तेच गरगर फिरू लागते आणि कोरड्यावरचे चाक स्तब्ध राहते. यावर उपाय म्हणून चारही चाके फिरविण्याची, डिफरन्शियल जखडून ठेवण्याची, अथवा निसटत्या चाकास आपोआप ब्रेक लावण्याची योजना करतात. यांतील कोणतीही योजना गाडीच्या उंचीतून आपोआप उत्पन्न होत नाही. आणि आपली काळी माती ओली झाली, की टायरच्या खाचा भरून टाकते. मग उत्तम टायरही गुळगुळीत होतो.

बर्फाची गोष्ट आपल्याकडे ऐकीव वाटेल. परंतु ३ ऑक्टोबर २०२० रोजी रोहतांगखालील सुमारे नऊ किलोमीटर लांबीचा अटल बोगदा खुला झाल्यापासून आपल्याकडील कुटुंबेही हिवाळ्यात मनालीपलीकडे मोटारीने जातात. ताजा बर्फ भूमि-अंतराहून खोल असेल, तर तो पोटाखाली दाटून बसतो व गाडीस किंचित उचलून धरतो. चाके तेव्हा जवळजवळ अधांतरी फिरतात. येथपर्यंत उंची कामास येते. पण दाबलेल्या बर्फावर खरी अडचण निघण्याची नसून थांबण्याची असते. ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी कोरड्या डांबरावर ब्रेक लावल्यापासून सुमारे ९ मीटरांत थांबते. दाबलेल्या बर्फावर घर्षण फार कमी असल्यामुळे तिलाच ३० मीटरांहून अधिक अंतर लागू शकते, आणि निखळ गोठलेल्या पाण्यावर त्याच्याही दुप्पट. ब्रेक तर प्रत्येक गाडीच्या चारही चाकांस असतात. म्हणून इंजिनाने चारही चाके फिरविणारी गाडी थांबण्याच्या कामी इतरांहून सरस ठरत नाही. तेथे उपयोगी पडतात थंडीतही मऊ राहणारे हिवाळी टायर, चाकांवरच्या साखळ्या आणि चालकाचा संयम.

सर्वांत महत्त्वाचा प्रश्न पाण्याचा आहे, कारण तो आपल्या दाराशी आहे. कृष्णा-पंचगंगेचा संगम नृसिंहवाडीस, आपल्याच तालुक्यात होतो. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट मानतात. २०१९ च्या ऑगस्टात व पुन्हा २०२१ च्या जुलैत पाणी तेथे ५५ फुटांच्या वर गेले, आणि दोन्ही वेळी पुणे-बंगळूर महामार्गदेखील बंद पडला. अशा वेळी ‘आपली गाडी उंच आहे’ हे वाक्य घातक ठरू शकते.

आर्किमिडीजचा सिद्धान्त विद्यार्थ्यांनी वाचलेला आहे. तो येथे लावून पाहा. माणसांसह १६०० किलोग्रॅम वजनाची एक गाडी घ्या. तिच्या तळाचे क्षेत्रफळ सुमारे ७ चौरस मीटर धरा. पाणी तळास लागल्यानंतर प्रत्येक सेंटिमीटर चढीबरोबर गाडी सुमारे ७० लिटर पाणी बाजूस सारते, आणि तितकेच किलो वजन पाणी उचलून धरते. १६०० ला ७० ने भागले असता २३ येतात. म्हणजे तळापासून २३ सेंटिमीटर पाणी चढले, की गाडी तरंगू लागेल. तळ भूमीपासून १९ सेंटिमीटर असेल, तर एकूण खोली ४२ सेंटिमीटर होते. हे पाणी मोठ्या माणसाच्या गुडघ्याइतकेही नाही! आत पाणी झिरपते खरे, परंतु त्यास वेळ लागतो. त्याआधीच चाके हलकी होऊन त्यांची पकड सुटते व प्रवाह गाडीस रस्त्याच्या कडेला ढकलू लागतो. आता हीच गाडी २२ सेंटिमीटर भूमि-अंतराची असती, तर काय झाले असते? ती ४५ सेंटिमीटर पाण्यात तरंगली असती. उंचीने मिळाले ते अवघे तीन सेंटिमीटर! अमेरिकेतील हवामान खात्याचाही इशारा असाच आहे: वेगाने वाहणारे एक फूट पाणी बहुतेक मोटारी वाहून नेऊ शकते, आणि दोन फूट पाणी उंच गाड्याही.

काही गाड्यांच्या माहितीपत्रकात ‘पाण्यातून जाण्याची खोली’ निराळी दिलेली असते. थारची ६५० मिलिमीटर आहे. हा आकडा मुख्यत्वे इंजिन हवा कोठून घेते व विजेचे भाग किती वर आहेत, यावर ठरतो. भूमि-अंतराशी तो एक नव्हे. शिवाय तो संथ पाण्यासाठी, सावकाश जाण्यासाठी असतो. हवेच्या वाटेने सिलिंडरात पाणी शिरले, तर ते हवेसारखे दाबले जात नाही. दट्ट्यास जोडलेला दांडा वाकतो आणि इंजिन निकामी होते. आणि गढूळ पाण्याखाली रस्ता शिल्लक आहे की खचून गेला आहे, हे तर कोणतीच गाडी सांगू शकत नाही.

तात्पर्य, भूमि-अंतर हा गाडीचा उपयुक्त गुण आहे. दगड, चाकोरी, गतिरोधक व हलका बर्फ यांवरून ते तिला सुखरूप नेते. परंतु ते पकड देत नाही, ब्रेक देत नाही, आणि पुराशी झुंजण्याचे बळ तर मुळीच देत नाही. म्हणून येत्या पावसाळ्यात पुलावरून पाणी वाहत असेल आणि घरातील वडीलमंडळी ‘आपली गाडी जाईल’ असे म्हणत असतील, तर मुलांनी नम्रपणे ४२ सेंटिमीटरांचा हा हिशेब त्यांस करून दाखवावा. पाणी ओसरेपर्यंत थांबल्याने झालेला उशीर भरून काढता येतो. गेलेला जीव परत येत नाही.