दुःखाने जवळ आणलेले पंथ

ख्रिस्ती धर्म एक असला तरी त्याचे पंथ अनेक आहेत आणि त्यांच्यातील काही दुरावे शतकानुशतकांचे आहेत. विद्वानांच्या चर्चांना जे सहजासहजी साधत नाही, ते समान दुःख कधी कधी साधून जाते.

याचे मूळ पहिल्या शतकात सापडते. यरुशलेममधील मंडळी दारिद्र्याने गांजली असताना संत पौलाने मासेदोनिया, अखया अशा दूरच्या प्रांतांतून तिच्यासाठी वर्गणी गोळा केली. देणारे बहुतांशी यहुदीतर, तर घेणारे यहुदी होते. सुंतेसारख्या नियमांवरून या दोन गटांत तीव्र वाद होता. परंतु तो मिटेपर्यंत मदत थांबून राहिली नाही. एक अवयव दुखावला की सारे शरीर व्यथित होते, हा दृष्टान्त पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पत्रात दिला आहे.

अलीकडच्या काळात त्याची प्रचीती इजिप्तच्या कॉप्टिक ख्रिस्ती समाजाच्या निमित्ताने आली. ख्रिस्ताचे देवत्व व मानवत्व यांचे नाते शब्दांत कसे मांडावे, यावरून इ. स. ४५१ मधील कॅल्सेडॉनच्या धर्मपरिषदेनंतर हा समाज रोम व कॉन्स्टँटिनोपलपासून दुरावला. १९७३ मध्ये पोप सहावे पॉल आणि कॉप्टिक धर्मप्रमुख पोप तिसरे शेनुदा यांनी संयुक्त निवेदन प्रसिद्ध करून संवादाचे दार उघडले.

फेब्रुवारी २०१५ मध्ये लिबियाच्या किनाऱ्यावर ‘इस्लामिक स्टेट’च्या दहशतवाद्यांनी २१ मजुरांची हत्या केल्याचे उघड झाले. त्यांपैकी २० जण पोटासाठी परदेशी गेलेले इजिप्तचे कॉप्टिक होते, तर एक घाना देशाचा.  या साऱ्यांचे रक्त एकच आहे, अशा आशयाचे उद्गार तेव्हा पोप फ्रान्सिस यांनी काढले. कॉप्टिक ख्रिस्तसभेने घानाच्या त्या परक्या मजुरासह सर्वांना हुतात्मे मानले. पुढे मे २०२३ मध्ये कॉप्टिक धर्मप्रमुख पोप दुसरे तवाद्रोस व्हॅटिकनला आले असता, या २१ जणांची नावे रोमन हुतात्म्यांच्या नामावलीत समाविष्ट करण्यात येत असल्याची घोषणा झाली. सिद्धान्ताचा वाद कायम असतानाही कॅथलिकांनी दुसऱ्या पंथाच्या हुतात्म्यांना आपले म्हटले.

अर्थात, दुःखाने मतभेद विरघळून जातात असे नव्हे. मार्च २०२४ मध्ये कॉप्टिक ख्रिस्तसभेने कॅथलिकांशी चाललेला धर्मशास्त्रीय संवाद स्थगित केला. म्हणूनच ऐक्य आणि एकमत यांतील फरक ध्यानी घ्यायला हवा. एकमताला वेळ लागतो. दुसऱ्याचे अश्रू पुसण्यासाठी मात्र त्याची वाट पाहावी लागत नाही.

आणि ही करुणा स्वधर्मीयांपुरती राहिली तर तीही अपुरीच. येशूच्या प्रसिद्ध दृष्टान्तात वाटेवर जखमी होऊन पडलेल्या प्रवाशाची शुश्रूषा करतो तो आप्त नव्हे, तर तिरस्कृत मानला गेलेला शोमरोनी. जखम कोणाची, हे त्याने विचारले नाही.