सर्दी असताना स्कूबा नको

केळशीच्या किनाऱ्यावर पोहायला शिकलेली मुले सुट्टीत मालवण-तारकर्लीला स्कूबा डायव्हिंगसाठी जातात. हौस चांगलीच, पण नाक चोंदले असेल तर बेत पुढे ढकलावा.

कानाच्या पडद्यामागील पोकळी एका बारीक नळीने घशाशी जोडलेली असते. पाण्यात १० मीटर खोलीवर दाब दुप्पट होतो. नाक चिमटीत धरून हलकेच फुंकले की या नळीतून हवा आत जाते व पडद्यावरचा ताण सुटतो. सर्दीत नळी सुजते, हवा जात नाही. मग दोन-तीन मीटरवरच कान ठणकू लागतो. तरीही हट्टाने खाली गेल्यास पडदा फाटू शकतो. फाटक्या पडद्यातून गार पाणी आत शिरले की भोवळ येते, आणि पाण्याखालची भोवळ जिवावर बेतू शकते.

"पैसे भरलेत ना!" म्हणून काहीजण नाकात थेंब टाकून उतरतात. औषधाचा अंमल खाली असतानाच ओसरला, तर वर येताना कानात हवा कोंडते.

दुखू लागल्यास जोर न करता प्रशिक्षकाला खूण करून सावकाश वर यावे. नंतर कानातून रक्त आले किंवा ऐकू कमी येऊ लागले, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवावे. तोवर कानात कोमट तेल मुळीच घालू नये.